मदत हवी आहे : परंपरेच्या नावाखाली चाललेला दणदणाट कसा थांबवावा?

आमच्या गल्लीतील गणेश मंडळ ध्वनिवर्धकांच्या भिंती उभारते आणि आवाज कमी करण्याची विनंती केली, की १८९३ पासून चालत आलेल्या सार्वजनिक उत्सवाला विरोध केल्याचा ठपका आमच्यावरच ठेवला जातो. (टिळकांच्या काळी मेळे आणि व्याख्याने होत, डीजे कुठला?) ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून, राज्य सरकार वर्षातील कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत जी सवलत देऊ शकते, ती वेळेची असते, आवाजाची नव्हे. सासूबाई हृदयरोगी आहेत. मोबाइलवरील डेसिबल मोजणी पोलीस पुरावा म्हणून ग्राह्य धरतात का, आणि तक्रारदाराचे नाव मंडळापर्यंत पोहोचू नये म्हणून कोणी काय केले, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.