सिगर्नी वीव्हर : रिप्लेमुळे करिअर घडलं की अडकलं?

निशाचर :
हॉलिवूडची नटी सिगर्नी वीव्हर म्हटलं की सगळ्यांना 'एलियन' या अंतराळातल्या भयपटातली रिप्लेच आठवते. मला ती प्रचंड आवडते पण सारखं वाटतं की तिच्या बाकीच्या कामाबद्दल कोणी बोलतच नाही. पहिलाच मोठा रोल इतका गाजल्यामुळे तिचं नुकसान झालं का? आणि 'एलियन' सिरीज सोडून तिचं काय बघावं तेही सांगा.

जुना_प्रेक्षक :
नुकसान? अजिबात नाही. १९७९ च्या आधी तिला सिनेमात कोण ओळखत होतं? येल ड्रामा स्कूलमधून शिकून आली, न्यूयॉर्कमध्ये नाटकं करायची, 'ॲनी हॉल'मध्ये शेवटाकडे काही सेकंद दिसते तेवढंच. 'एलियन'च्या स्क्रिप्टमध्ये अंतराळयानावरचे लोक पुरुष किंवा बाई कोणीही चालतील असं लिहिलं होतं, त्यामुळे रिप्लेला कोणाची तरी बायको किंवा प्रेयसी बनवायची वेळच आली नाही, ती फक्त आपलं काम नीट करणारी ऑफिसर आहे. बाहेरून आलेल्या सहकाऱ्याला परका जीव चिकटलाय, क्वारंटाइनचा नियम आहे म्हणून यानाचं दार उघडायला नाही म्हणते आणि तिचंच बरोबर असतं! त्या काळात हिरॉइनला असा रोल मिळणं म्हणजे लॉटरीच, आणि तिने तो काय पेललाय.

मग १९८६ च्या 'एलियन्स'साठी बेस्ट ॲक्ट्रेसचं ऑस्कर नॉमिनेशन. राक्षस आणि बंदुकांच्या सिनेमाला ॲक्टिंगची नॉमिनेशनं सहसा मिळत नाहीत हे लक्षात घ्या.

गोरिलाप्रेमी :
अडकली म्हणणाऱ्यांनी १९८८ साल बघावं. 'गोरिलाज इन द मिस्ट'मध्ये ती डायन फॉसी झालीये, रवांडात गोरिलांचा अभ्यास करणारी आणि १९८५ मध्ये जिचा खून झाला ती शास्त्रज्ञ. शूटिंग रवांडात, खऱ्या जंगली गोरिलांच्या जवळ बसून. त्याच वर्षी 'वर्किंग गर्ल'मध्ये हाताखालच्या मुलीची आयडिया ढापणारी गोड बोलणारी बॉस. दोन्हीसाठी एकाच वर्षी ऑस्कर नॉमिनेशन, एक मुख्य एक सहाय्यक. ऑस्कर एकही मिळालं नाही, पण गोल्डन ग्लोब दोन्हीला मिळाले. मला तर फॉसीचा रोल रिप्लेपेक्षा भारी वाटतो कारण ती बाई हट्टी आहे, लोकांशी वाईट वागते आणि सिगर्नी ते लपवत नाही, तरी आपण तिच्या बाजूनेच राहतो. पुढे गोरिलांच्या संवर्धनाचं काम तिने खऱ्या आयुष्यातही धरून ठेवलं, म्हणून अजून आदर.

निशाचर :
'वर्किंग गर्ल'मधली ती आहे हे मला माहीतच नव्हतं! आज रात्रीच बघते. पण सायफाय तिने सोडलं नाही ना?

जुना_प्रेक्षक :
सोडलं नाही आणि सोडायची गरजही नव्हती. १९९९ चा 'गॅलेक्सी क्वेस्ट' बघ, त्यात ती अशा नटीचं काम करते जिला स्पेसवरच्या मालिकेत कॉम्प्युटर जे बोलतो तेच परत बोलायचं काम असतं आणि त्याचा तिला मनापासून वैताग आलाय, रिप्ले करून झालेल्या नटीने हे करावं यातच सगळी मजा. २००९ च्या 'अवतार'मध्ये डॉक्टर ग्रेस ऑगस्टीन. ते पात्र मरतं, तर पुढच्या भागात, २०२२ ला, दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने तिलाच परत घेतलं आणि चक्क चौदा वर्षांची किरी करायला लावली. परफॉर्मन्स कॅप्चर (नटाच्या हालचाली टिपून त्यावर कॉम्प्युटरने पात्र बनवणं) असला तरी ते अवघडून उभं राहणं, मध्येच रुसणं सगळं तिचंच आहे. पाण्याखाली श्वास रोखायचं ट्रेनिंगसुद्धा घेतलं होतं.

गोरिलाप्रेमी :
२०२४ ला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये तिला जीवनगौरवचा गोल्डन लायन मिळाला. त्याच वर्षी लंडनला स्टेजवर शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मधला प्रॉस्पेरो केला, म्हणजे मुळात पुरुषाचा रोल. निशाचर, 'वर्किंग गर्ल' झाला की लगेच 'द आइस स्टॉर्म' लाव, १९९७ चा आहे, त्यासाठी तिला बाफ्टा (ब्रिटनचा मोठा सिनेमा पुरस्कार) मिळालंय. त्याच वर्षी 'एलियन रेझरेक्शन'पण आला होता, दोन्ही लागोपाठ बघ आणि कसे वाटले ते इथे सांग.