लिपी नसलेली ज्ञानपद्धत कमी दर्जाची का ठरते?

गाठपीळ: लिहिणारे प्रगत, न लिहिणारे मागास, ही मोजपट्टीच मला मान्य नाही. दक्षिण अमेरिकेतल्या इंका साम्राज्यातला किपू घ्या, म्हणजे गाठी मारून नोंद ठेवायच्या दोऱ्यांचा जुडगा. मुख्य दोरीला लोंबत्या दोऱ्या, तळाशी एकक, त्यावर दशक, मग शतक. ३२४ बांधायचे तर वर तीन साध्या गाठी, मध्ये दोन आणि तळाला चार वेढ्यांची एक लांब गाठ. एककाची गाठ वेगळी, कारण संख्या कुठे संपली ते बोटाला कळते आणि त्याच दोरीवर दुसरी संख्या बांधता येते. एका वेढ्याची लांब गाठ मात्र साध्या गाठीसारखीच होते, म्हणून १ साठी इंग्रजी आठाच्या आकाराची गाठ. शून्याला मोकळी जागा. याला स्थानमूल्य नाही तर काय म्हणायचे?

रोखठोक: अंकांपुरते मान्य. पण किपूवर बेरीज करता येत नाही. ती खडे मांडून करायची आणि उत्तर तेवढे गाठीत बांधायचे. शिवाय ज्या किपूंत आकड्यांपलीकडचे काही असावे, ते आज कोणालाच वाचता येत नाहीत. बांधणारा गेला की अर्थही गेला. मग दोष पद्धतीचाच ना?

गाठपीळ: मग प्राचीन क्रीट बेटावरच्या ‘लिनिअर ए’चे काय? ती तर चक्क मातीच्या पाट्यांवर लिहिलेली लिपी, तरीही अजून उलगडलेली नाही. तिच्याशी नाते असलेली ‘लिनिअर बी’ लिपी १९५२ साली उलगडली, कारण तिच्यात लिहिलेली भाषा ग्रीक निघाली. अर्थ टिकतो तो वाचणाऱ्यांच्या साखळीमुळे, आणि किपूची साखळी आपोआप तुटलेली नाही. १५८३ मध्ये स्पॅनिश राजवटीतल्या पेरूत, लिमा इथल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने मूर्तिपूजेशी जोडलेले किपू नष्ट करायला सांगितले. बेरजेचे म्हणाल तर रोमन अंकांवरही कोणी हिशोब करत नव्हते, तो गणनफळ्यावर, म्हणजे सोंगट्या मांडायच्या फळ्यावरच व्हायचा.

हातवारे नव्हे भाषा: किंमत कोण ठरवतो ते बघायचे तर बधिरांच्या शिक्षणावरची १८८० ची मिलान परिषद बघा. बधिर मुलांना खुणांऐवजी तोंडी भाषेतच शिकवावे, असा ठराव झाला. मतदारांत बधिर माणसे जवळजवळ नव्हतीच! अमेरिकन खुणांच्या भाषेचे अभ्यासक विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवले की प्रत्येक खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा घटकांत सुटी होते, जसा शब्द ध्वनींत होतो. एका खुणेला शब्दाच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो, तरी तेवढाच आशय सांगायला एकूण वेळ सारखाच लागतो, कारण चेहरा आणि जागा एकाच वेळी काम करतात. हे न तपासताच मुलांचे हात थांबवले गेले. त्या परिषदेच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० उजाडले.

रोखठोक: खुणांच्या भाषा या पूर्ण भाषा आहेत, यात माझा वादच नाही. भाषांची उतरंड लावणे चूकच. पण नोंदीच्या साधनांची तुलना कामावरून करावीच लागते. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ संघाने वह्यांत रोमन अंकांऐवजी नवे हिंदू-अरबी अंक वापरायला बंदी घातली. आज ते हास्यास्पद वाटते, पण शून्याला शेपटी जोडली की सहा किंवा नऊ होतो, ही भीती खरी होती. माझा प्रश्न तोच आहे: फेरफार पकडता येतो का?

गाठपीळ: येतो. काही किपूंत दोऱ्यांच्या गटाला एक वरची दोरी असते आणि त्या गटाची बेरीज तिच्यावर बांधलेली असते. एक गाठ सुटली तरी जुळत नाही.

रोखठोक: आणि दोन दोऱ्यांची अदलाबदल केली तर? बेरीज तीच राहते. तिथे वहीतली नावासकटची ओळ मला जास्त भरवशाची वाटते.