क्वालिफाइंग बंद करा म्हणणाऱ्यांना

टर्नचार:
परवा इथे एकाने ठोकून दिलं, "नासकारची (अमेरिकेतली कार शर्यतींची मालिका) क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीआधी रांगेतली जागा ठरवायची फेरी, निव्वळ टाइमपास. कोविडमध्ये बहुतेक ठिकाणी बंद होती तेव्हा कुणाचं काय अडलं? फॉर्म्युल्याने रांग लावा आणि मोकळे व्हा." डोकंच उठलं, म्हणून सविस्तर.

2021 चा फॉर्म्युला आठवा. मागच्या शर्यतीत ड्रायव्हर कितवा आला याला 25 टक्के, मालकाची गाडी कितवी याला 25, पॉइंट्समधल्या स्थानाला 35, सर्वात वेगवान लॅपला 15. म्हणजे पुढचा पुढेच. आणि पोल, म्हणजे रांगेतली पहिली जागा, काही फोटोपुरता नसतो; पिट स्टॉल (टायर-इंधनासाठी थांबायची जागा) निवडायचा पहिला मान पोलवाल्याचा. मार्टिन्सव्हिल ट्रॅकवर बाहेर पडायच्या तोंडाशी असलेला स्टॉल घेतला की समोर कुणी आडवं नाही. जॅक खाली आला की गाडी सुटली. असं बक्षीस कॅल्क्युलेटरने वाटायचं?

माझं मत: छोट्या ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर) हीट रेस, म्हणजे छोट्या प्राथमिक शर्यती घ्या, 2025 च्या क्लॅश या प्रदर्शनी शर्यतीला बोमन ग्रे ट्रॅकवर घेतल्या तशा. मोठ्या ट्रॅकवर एकेक गाडी घड्याळावर पळवणं राहू दे, पण पोलला पॉइंट द्या. आज भोपळा मिळतो.

लगनट:
हीट घ्या म्हणायला काय जातंय! नेक्स्ट जेन, म्हणजे आताच्या गाडीच्या नियमात, एका नंबराला सातच गाड्या ठेवता येतात. हीटमध्ये मोडली की बॅकअप काढा आणि शेवटून सुरू करा. मोठ्यांचं निभावतं, छोटी टीम मरते.

आणि ते "एकेक गाडी" तर बोलूच नका. सासऱ्यांना हौसेने क्वालिफाइंग दाखवायला नेलं. थोड्या वेळाने विचारतात, "जावईबापू, शर्यत कधी सुरू होणार?" मग चक्क घोरायला लागले. त्या आवाजात!

ओव्हलवेडा:
मग काय, परत सगळ्यांना एकदम सोडायचं? 2019 चं फोंटाना ट्रॅकवरचं क्वालिफाइंग विसरलात वाटतं. शेवटच्या फेरीत बारा गाड्या पिट रोडवर 'पहले आप' करत उभ्या, कारण मागच्याला ड्राफ्ट (पुढच्या गाडीआड हवेचा अडथळा कमी) मिळणार. घड्याळ संपलं, एकाचाही लॅप नाही! ऑस्टिन डिलनला आधीच्या फेरीवर पोल, स्टँडमधून नुसती हुर्यो. मे महिन्यात ओव्हलवर एकेक गाडी परत आणावी लागली.

जुन्नरी:
आमच्या घाटातला (चढाच्या धावपट्टीवरचा) बैलगाडा बघा. एका वेळी एकच गाडा, पुढे घोडी, सगळा हिशोब सेकंदाचा. कुणाचे सासरे झोपत नाहीत.

माणदेशी:
घाटातली ती शर्यत नव्हे, घड्याळ बघणं. आमच्याकडे गट, सेमी, फायनल. शेजारच्या चाकोरीत दुसरा छकडा पळतोय तेव्हाच बैलाची जात कळते.

जुन्नरी:
आणि चाकोरी कशावर? चिठ्ठीवर! माझ्या मामांचा खोंड तुमच्याकडच्या मैदानात कडेच्या चाकोरीत आला, मऊ मातीत रुतला, गटातच बाद. वर्षभराचा खुराक मातीत.

माणदेशी:
हरला की चिठ्ठी वाईट, जिंकला की बैल भारी. मामांना सांगा.

जुन्नरी:
मामांवर जायचं काम नाही.

टर्नचार:
अहो, बैल आवरा! चिठ्ठीचा मुद्दा मात्र इथेही आहे. एकेक गाडीत उन्हात निघालेल्याला तापलेला ट्रॅक, नंतरच्याला ढग आला की ग्रिप. आणि आधी कोण निघतो? अशाच एका फॉर्म्युल्यात मागे असलेला. म्हणजे मेलेल्याला आणखी मारा.

लगनट:
बरं बाबा, द्या पोलला एक पॉइंट, जग बदलेल. पण मूळ दुखणं चार्टर, म्हणजे पक्क्या जागेचा परवाना, आहे. 2016 पासून 36 गाड्यांची जागा पक्की, कितीही रडतखडत लॅप मारा. उरल्या चार जागा, त्यांनाही बरेचदा गिऱ्हाईक नसतं. कुणी घरीच जाणार नसेल तर पात्रता कसली? बास्केटबॉलवाल्या मायकल जॉर्डनची टीम 2024 मध्ये याच चार्टरवरून कोर्टात गेली, तेव्हा इथे सगळे गप्प.

ओव्हलवेडा:
तो खटला पैशांचा आणि हक्कांचा होता, क्वालिफाइंगचा नव्हे. प्रत्येक धाग्यात चार्टर घुसवलाच पाहिजे का? आणि घरी जातात की, डेटोना 500 ला. ड्युएलमध्ये, म्हणजे तिथल्या पात्रतेच्या दोन शर्यतींत, शेवटच्या लॅपला जागा गेलेल्यांची तोंडं बघा एकदा.

माणदेशी:
ड्युएल म्हणजे दोन गट, शेजारी-शेजारी पळून. तुमची सगळ्यात मोठी शर्यत आमच्याच पद्धतीने लागते तर!

जुन्नरी:
पहिली ओळ सोडून. तिथले दोघे एकेकटे पळून, सेकंदावर ठरतात. झोपा आता.