खानदेशातल्या स्त्री-संपादक: नावं कुठल्या कागदात शोधायची?

गिरणाकाठ:
नमस्कार मंडळी. १९५० पूर्वी खानदेशात स्त्रियांनी संपादित केलेल्या किंवा चालवलेल्या नियतकालिकांची नोंद करायला घेतली आहे. छापील सूच्यांमध्ये स्त्रियांसाठीची मासिकं सापडतात, पण संपादक म्हणून बाईचं नाव क्वचितच दिसतं. अंकावर नावच नसेल तर संपादक कोण हे कशावरून ठरवायचं? आणि जळगाव-धुळ्यात नेमकी कोणती दप्तरं मागायची?

दप्तरदार:
ताई, आधी मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव शोधा. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याला हवे होते ते हेच दोघे. प्रत्येक अंकावर संपादकाचं नाव छापायची सक्ती १९२२ च्या दुरुस्तीने आली. त्याआधी अग्रलेख लिहिणारी, प्रुफं तपासणारी बाई सरकारी कागदावर यायचं कारणच नव्हतं. कागदावर यायचा तो छापखान्याचा मालक, नाहीतर नवरा किंवा भाऊ. बाया नव्हत्या म्हणून यादी रिकामी, असं कोणी म्हणालं तर त्याला हे तारखेसकट सांगा.

या कायद्याखाली मुद्रक-प्रकाशक मॅजिस्ट्रेटपुढे जे प्रतिज्ञापत्र करत, त्याच्या दोन मूळ प्रती होत. एक मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत राही, दुसरी हायकोर्टात किंवा त्या भागाच्या मुख्य दिवाणी न्यायालयात जाई. म्हणून कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून ‘नाही’ आलं तरी थांबू नका, जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात वेगळा अर्ज टाका. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले. त्याआधीचं पत्र जळगावचं असो की अमळनेरचं, जिल्ह्याचं ठाणं धुळंच होतं, त्यामुळे सुरुवात धुळ्यापासून करा.

अर्जात पत्राचं नाव, गाव, छापखाना आणि चार-पाच वर्षांचा पट्टा लिहा. ‘स्त्रियांची वृत्तपत्रे’ एवढंच लिहिलंत तर कारकून काही काढून देऊ शकत नाही, कारण दप्तर विषयवार लावलेलं नसतं. आणि प्रकाशक बदलला की नवं प्रतिज्ञापत्र लागे. जुना चालक वारल्यानंतरचे पाच-सहा महिने म्हणून बारकाईने पाहा. विधवा बाईच्या हाती पत्र आलं असेल तर ते तिथे दिसेल.

जुनी शाई:
दप्तरदारांच्या शेवटच्या वाक्याला तानुबाई बिर्जे यांचं उदाहरण जोडते. ‘दीनबंधू’ कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलं, पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी आणि नंतर वासुदेवराव बिर्जे यांनी चालवलं. वासुदेवरावांच्या निधनानंतर तानुबाईंनी संपादन हाती घेतलं आणि १९१२ पर्यंत सांभाळलं. हे काही ‘महिलांचं’ पत्र नव्हतं, सत्यशोधकी साप्ताहिक होतं. नुसती स्त्रियांची मासिकं चाळणाऱ्याला तानुबाई कधीच भेटणार नाहीत. उलट १९३० चं ‘स्त्री’ मासिक सुरू केलं आणि संपादलं ते शंकरराव किर्लोस्करांनी. तेव्हा तक्त्यात दोन वेगळे रकाने करा: कोणासाठी, आणि कोणी चालवलं. स्त्रीवादी भूमिका आहे की नाही हा तिसरा. तो अंक वाचून भरायचा, शीर्षकावरून अजिबात नाही.

आता प्रत्यक्ष अंक. बांधीव फायली मागाल तेव्हा एक गोष्ट फार घात करते. बाइंडर मासिकाची रंगीत मलपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकत, आणि संपादकाचं नाव, वर्गणी, पत्ता हे सगळं बहुतेक वेळा तिथेच असे. साप्ताहिकात ‘हे पत्र अमुक छापखान्यात छापून अमुक येथे प्रसिद्ध केले’ ही बारीक ओळ शेवटच्या पानाच्या अगदी तळाला असते. कडा कापताना तीच जाते. म्हणून एक बांधीव फाईल पाहून ‘नाव नाही’ अशी नोंद करू नका. त्याच वर्षाचा एखादा सुटा अंक दुसऱ्या वाचनालयात मिळतो का पाहा. जळगावचं व. वा. वाचनालय आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, दोन्हीकडे विचारा.

गिरणाकाठ:
सुटा अंक कुठेच नसेल तर?

जुनी शाई:
मग दुसऱ्यांच्या अंकांतली ‘साभार पोच’ वाचा. नवं मासिक निघालं की संपादक अदलाबदलीसाठी अंक पाठवत आणि समोरचा दोन ओळींची पोच छापे. त्यात ‘सौ. अमुकबाई यांनी काढलेले’ असं सरळ लिहिलेलं मिळू शकतं. जळगावची नारायण नरसिंह फडणीस यांची ‘काव्यरत्नावली’ (कवितांचं मासिक) १८८७ पासूनची आहे, तिथून सुरू करा. जुन्या अंकांत ‘मासिक पुस्तक’ हा शब्द मासिकासाठीच वापरलेला असतो, तो पुस्तक समजून सोडू नका.

तापीतीर:
एक मोठं साधन राहिलं: मुंबई सरकारचे देशी वृत्तपत्रांवरचे साप्ताहिक गोपनीय अहवाल. ते १८६८ पासूनचे आहेत आणि मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पाहता येतात. अहवालाच्या सुरुवातीला पत्रांची यादी असते: नाव, गाव, खप. विसाव्या शतकातल्या याद्यांत संपादकाचं नाव, जात आणि वयही दिलेलं असतं. धुळं तिथे ‘धुलिया’ म्हणून येतं. मात्र पत्रांतले उतारे इंग्रजीत करणाऱ्या सरकारी अनुवादकाचा डोळा राजकारणावर असे. मुलींच्या शाळेवरचा किंवा केशवपनावरचा लेख त्याने उचलला नाही, म्हणजे तो छापलाच नव्हता असं धरू नका.

तारखांची काळजी घ्या. शक असेल तर ७८ मिळवा, पण जानेवारी ते मार्चमध्ये येणाऱ्या पौष-माघ-फाल्गुनाला ७९. शके १८०८ चा चैत्र १८८६ मध्ये येतो आणि फाल्गुन १८८७ मध्ये. स्कॅनवर शब्द शोधताना जुने अनुस्वार आडवे येतात. ‘स्त्रियांनी’ टाकलं तर ‘स्त्रियांनीं’ सुटू शकतं, म्हणून दोन्ही रूपं टाकून पाहा.

पुढे १९५६ नंतरच्या काळात यायचं झालं तर काम खूप सोपं होतं. दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ छापावा लागे: मालक, प्रकाशक, मुद्रक, संपादक, सगळे नावापत्त्यासह. मार्चचा अंक तेवढा मागा.