मुलगा सेंटर, संघाने लावले राइट विंगला: ड्राफ्टच्या वर्षी काय करावे?

पालक_ऑन्टॅरिओ (प्रश्न)

नमस्कार. माझा मुलगा ऑन्टॅरिओ हॉकी लीग या ज्युनियर आइस हॉकीच्या लीगमध्ये खेळतो. येत्या १५ सप्टेंबरपूर्वी त्याला अठरा वर्षे पूर्ण होत असल्यामुळे तो यंदाच्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीग) ड्राफ्टसाठी, म्हणजे क्लब क्रमाने तरुण खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेसाठी, पात्र ठरतो. स्केटिंग शिकला तेव्हापासून तो सेंटर (तीन आक्रमकांतला मधला) खेळत आला आहे आणि लेफ्ट शॉट (स्टिकचे पाते डावीकडे धरणारा) आहे. मात्र सध्याच्या संघात त्याच्यापेक्षा वयाने मोठे तीन चांगले सेंटर आहेत. त्यामुळे हंगाम सुरू होऊन काही आठवडे होतात न होतात तोच प्रशिक्षकांनी त्याला तिसऱ्या फळीत (एकत्र उतरणाऱ्या तीन आक्रमकांच्या गटात) राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेला, लावले आणि तेव्हापासून तो तिथेच आहे.

ड्राफ्टचा अंदाज बांधणाऱ्या हंगामाआधीच्या बहुतेक याद्यांमध्ये त्याचे नाव दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीच्या आसपास होते. आता ते बरेच खाली घसरले आहे आणि एकदोन याद्यांमधून तर गायबच झाले आहे. तो रोज रात्री त्या याद्या उघडून पाहतो. आम्ही विचारले तर काही बोलत नाही, पण खेळात चाचरतो आहे हे आम्हाला प्रेक्षकांतूनही दिसते.

माझे दोन प्रश्न आहेत. त्याला पुन्हा सेंटरला खेळवावे असा आग्रह प्रशिक्षकांकडे धरावा का, की दुसऱ्या संघात जाण्याची मागणी करावी? आणि ड्राफ्टमध्ये कितव्या क्रमांकावर निवड होईल या अपेक्षेचे ओझे या वयाच्या मुलाने कसे पेलावे? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांचे मत हवे आहे.

निळी_रेषा

तुमच्या मुलावर जी वेळ आली आहे, ती पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या खेळाडूवरही आलेली आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

अलेक्सी लाफ्रेनिएरला न्यूयॉर्क रेंजर्सने २०२० मध्ये सर्वांत आधी निवडले. त्याआधी तो सलग दोन वर्षे संपूर्ण कॅनेडियन हॉकी लीगचा (ऑन्टॅरिओसह तीन ज्युनियर लीगांची संघटना) सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता आणि सिडनी क्रॉस्बीनंतर हा मान दोनदा मिळवणारा तो पहिलाच होता. अडचण एवढीच की तो लेफ्ट विंगर होता आणि रेंजर्सकडे त्या जागेवर आर्तेमी पनारिन व ख्रिस क्रायडर आधीच होते. वरच्या दोन फळ्यांमधल्या लेफ्ट विंगच्या दोन्ही जागा भरलेल्या असताना अठराएकोणीस वर्षांच्या मुलाने कुठे खेळायचे? तो बराच काळ तिसऱ्या फळीत राहिला, पॉवर प्लेच्या (समोरचा खेळाडू दंडामुळे बाहेर असतानाच्या खेळाच्या) पहिल्या तुकडीत त्याला फारसे स्थान मिळाले नाही, आणि मधूनमधून उजवीकडे हलवले तेव्हा तो अवघडल्यासारखा वाटे. पहिल्या तीन हंगामांत त्याचे गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, मिळून) २१, ३१ आणि ३९ होते. त्या काळात त्याला ‘फसलेली निवड’ म्हणणाऱ्यांची वानवा नव्हती.

मग २०२३-२४ मध्ये पीटर लाव्हिओलेट प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी त्याला पनारिन व व्हिन्सेंट ट्रोचेक यांच्या फळीत राइट विंगला कायम केले. त्या हंगामात त्याने २८ गोल आणि ५७ गुण केले. ज्या बाजूला तो बसत नाही असे म्हटले जात होते, त्याच बाजूला त्याचा तोवरचा सर्वोत्तम हंगाम झाला. त्या फळीची एक गंमत पाहा: लाफ्रेनिएर पहिल्या क्रमांकाचा, ट्रोचेक २०११ च्या तिसऱ्या फेरीत ६४ वा आणि पनारिनला तर ड्राफ्टमध्ये कोणी निवडलेच नव्हते.

यावरून मी असा अर्थ काढतो की ‘जागा बसत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा बाजूचे साथीदार, बर्फावर मिळणारा वेळ आणि चूक झाल्यावरही पुढच्या शिफ्टला, म्हणजे पाळीला, बर्फावर पाठवले जाण्याची खात्री, या तिन्हींची उणीव आपण एका जागेच्या नावावर खपवत असतो. तुमचा मुलगा राइट विंगला आहे याची मला तितकीशी चिंता वाटत नाही. सामन्यात त्याला किती मिनिटे मिळतात, कोणाबरोबर मिळतात आणि तिसऱ्या, शेवटच्या सत्रात संघ एका गोलने मागे असताना तो बर्फावर असतो की बाकावर, हे मला आधी कळायला हवे.

क्विंटन बायफील्डचे उदाहरणही मुलाला सांगा. तो त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर सेंटर म्हणून लॉस एंजेलिस किंग्जकडे गेला. सुरुवातीची वर्षे दुखापत आणि चाचपडण्यात गेली. नंतर त्याला आन्झे कोपिटार या अनुभवी सेंटरच्या डावीकडे विंगला खेळवले आणि २०२३-२४ मध्ये त्याने ५५ गुण केले. पुढच्याच हंगामात किंग्जने त्याला पुन्हा मधे आणले. विंगवर गेलेला सेंटर कायमचा तिकडचाच होतो असे मुळीच नाही.

तिसरी_ओळ

वरील उत्तरातील बरेचसे पटते, परंतु ड्राफ्टच्या वर्षी जागेला महत्त्व नाही असा अर्थ पालकांनी त्यातून काढू नये. लाफ्रेनिएर आणि बायफील्ड यांच्या जागा बदलल्या त्या निवड झाल्यानंतर. तुमच्या मुलाची जागा निवडीच्या आधी बदलली आहे आणि या दोन गोष्टींत मोठा फरक आहे.

सेंटरचा विंगर सहज करता येतो, उलट मात्र क्वचित जमते, असे स्काउट (क्लबांसाठी खेळाडू हेरणारे) मानतात. सेंटर निवडला की क्लबच्या हाती दोन पर्याय येतात, म्हणून त्याचा भाव चढा असतो. मॉन्ट्रियलचेच पाहा. २०१८ मध्ये त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर येस्पेरी कोटकानिएमीला घेतले, कारण त्यांना सेंटरची निकड होती. फिनलंडच्या लीगमध्ये तो मुख्यतः विंगला खेळला होता, तरी त्याच्यात सेंटर दिसत होता. लगेच पुढच्या क्रमांकावर ओटावाने ब्रेडी टकाचक हा विंगर घेतला, जो पुढे त्यांचा कर्णधार झाला. जागेची निकड निवडीवर किती भारी पडू शकते, याचा हा नमुना आहे.

त्याच क्लबमध्ये अ‍ॅलेक्स गॅल्चेन्युकवरून वर्षानुवर्षे वाद चालला. २०१२ चा तिसऱ्या क्रमांकाचा हा खेळाडू २०१५-१६ मध्ये ३० गोल करूनही सेंटर की विंगर, हे काही ठरले नाही. २०१८ मध्ये त्याला अ‍ॅरिझोनाकडे देऊन मॅक्स डोमी आणला. डोमी तोवर मुख्यतः विंगर होता, पण मॉन्ट्रियलने त्याला सेंटर केले आणि पहिल्याच हंगामात त्याने ७२ गुण केले. म्हणजे उलट कधी जमतच नाही असेही नाही, पण त्या भरवशावर ड्राफ्टचे वर्ष काढू नये.

माझे मत: दुसऱ्या संघाची मागणी इतक्यात करू नका, मात्र मुलगा सेंटरची कामे करू शकतो हे स्काउटला दिसत राहील याची तजवीज करा.

पालक_ऑन्टॅरिओ

दोघांचे आभार. विचारले म्हणून सांगतो: त्याला सामन्यात बारातेरा मिनिटे मिळतात. पॉवर प्लेच्या दुसऱ्या तुकडीत आहे. शेवटच्या पाच मिनिटांत मात्र बहुधा बाकावरच असतो.

नेमके कुठे अडते तेही लिहितो. आमचा डिफेन्समन (बचावपटू) गोलमागून पक (रबरी चकती) बोर्डाच्या, म्हणजे मैदानाभोवतीच्या कठड्याच्या, कडेने जोरात फिरवतो. मुलगा उजव्या बोर्डाशी उभा असतो, पक त्याच्या बॅकहँडला (पात्याच्या मागच्या बाजूला) येतो, पात्यावरून उसळतो किंवा स्केटमध्ये अडकतो, आणि तेवढ्यात समोरचा डिफेन्समन ब्लू लाइनवरून (आमच्या क्षेत्राच्या सीमारेषेवरून) खाली धावून येऊन तो हिसकावतो. मागच्या एका सामन्यात हे एकाच सत्रात तीनदा झाले आणि तिसऱ्यांदा गोल झाला. त्यानंतर त्याला त्या सत्रात पुन्हा पाठवले नाही.

बेंचमागून

मी अनेक वर्षे ज्युनियर वयोगटातील मुलांना शिकवतो. तुमचे शेवटचे वर्णन वाचल्यावर मला हा प्रश्न जागेचा कमी आणि एका विशिष्ट कौशल्याचा जास्त वाटतो.

लेफ्ट शॉट खेळाडू उजवीकडे खेळतो तेव्हा समोरच्याच्या क्षेत्रात त्याचा फायदा असतो: पक फोरहँडवर, मैदानाच्या आतल्या बाजूला राहतो, मधे घुसता येते आणि शॉटचा कोन मोठा मिळतो. त्याची किंमत स्वतःच्या क्षेत्रात मोजावी लागते, कारण बोर्डावरून येणारा प्रत्येक पक बॅकहँडला येतो. सेंटर म्हणून वाढलेल्या मुलाला ही सवय नसते. स्वतःच्या क्षेत्रात सेंटर गोलसमोर आणि कोपऱ्यात डिफेन्समनच्या मदतीला असतो, त्यामुळे बहुतेक पास त्याला चालत्या पायांवर, मोकळ्या जागेत मिळतात. विंगरला तोच पक उभ्याने, पाठीशी बोर्ड आणि अंगावर येणारा माणूस अशा स्थितीत घ्यावा लागतो.

यावर उपाय आहेत. पक पोहोचण्याआधी खांद्यावरून एकदा मागे पाहणे ही पहिली गोष्ट: समोरचा डिफेन्समन खाली येतो आहे की मागे सरतो आहे, एवढेच टिपायचे. दुसरी, जोरात येणारा पक पात्याने झेलण्याचा हट्ट सोडायचा. शरीर बोर्डाला टेकवून तो स्केटने किंवा पायाने थांबवायचा आणि मग स्टिकवर घ्यायचा. तिसरी, पक सापडला की प्रत्येक वेळी तो घेऊन निघायलाच हवे असे नाही. माणूस अंगावर असेल तर मधे येणाऱ्या सेंटरकडे नुसता ढकलायचा किंवा बोर्डावरून त्या डिफेन्समनच्या पलीकडे टाकायचा. सरावानंतर रोज पंधरावीस मिनिटे कोणाकडून तरी असे पक फिरवून घ्यावेत. प्रशिक्षक शेवटच्या पाच मिनिटांत कोणाला पाठवायचे ते बरेचदा याच एका गोष्टीवरून ठरवतात, आणि स्काउटसुद्धा गोलांइतकेच हे टिपतात, असा माझा अनुभव आहे.

सेंटरची कामे दिसत राहावीत हे ‘तिसरी_ओळ’ यांचे म्हणणे योग्य आहे आणि त्यासाठी आग्रह धरण्याची गरज नाही. तुमच्या मुलाच्या फळीतला सेंटर राइट शॉट आहे का ते पाहा. असेल तर डावीकडच्या वर्तुळातील फेसऑफ (पंचाने टाकलेल्या पकसाठी दोघांची झुंज) मुलाने आणि उजवीकडचे त्या सेंटरने घ्यावेत, ही व्यवस्था एनएचएलमध्येही सर्रास चालते, कारण बहुतेकांना आपल्या बॅकहँडच्या बाजूला पक ओढणे सोपे जाते. स्वतःच्या क्षेत्रात फेसऑफ जिंकला की पुढचे काही क्षण तो सेंटरसारखाच खाली राहून खेळू शकतो. हे मात्र त्याने स्वतः विचारावे, तुम्ही नाही. सतरा वर्षांचा खेळाडू प्रशिक्षकाला ‘मी आणखी काय करू शकतो’ असे विचारतो तेव्हा त्याचे वजन वेगळे असते. पालक ‘त्याला सेंटरला खेळवा’ म्हणाले की संभाषण तिथेच बिघडते.

निळी_रेषा

दुसरा प्रश्न मागे राहिला. सात फेऱ्या, बत्तीस संघ, साधारण २२४ नावे: निवडीच्या दिवशी एवढेच घडते. त्या दिवशी मिळालेला क्रमांक अठराव्या वर्षीचा अंदाज असतो आणि तो दोन्ही बाजूंनी चुकतो.

लिऑन ड्रायसाइटलला एडमंटनने २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतले आणि लगेच एनएचएलमध्ये उतरवले. ३७ सामन्यांत २ गोल आणि ७ असिस्ट झाल्यावर त्याला परत ज्युनियरला पाठवले. तेव्हा तो निकाल लागल्यासारखा वाटला होता. त्याच वसंतात तो मेमोरियल कप या ज्युनियर स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२० मध्ये त्याने एनएचएलच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी मिळवली. तो आजही गरजेप्रमाणे कधी सेंटर तर कधी संघाचा प्रमुख सेंटर मॅकडेव्हिडच्या बाजूला विंगला खेळतो. युराई स्लाफ्कोव्स्की, २०२२ चा पहिला, याचे पहिल्या हंगामात ३९ सामन्यांत १० गुण होते आणि दुसऱ्यात ५०. त्याचे प्रशिक्षक मार्टिन सेंट लुई स्वतः ड्राफ्टमध्ये निवडलेच गेले नव्हते.

याद्या पाहू नकोस, असे सांगून तो थांबणार नाही. त्याऐवजी प्रत्येक सामन्यानंतर त्याने व्हिडिओवर फक्त बोर्डावरचे पक मोजावेत: किती आले आणि किती सुरक्षित बाहेर गेले. रात्री पाहायला एक आकडा हवाच असेल, तर तो असा असावा की जो त्याच्या हातात आहे.

पालक_ऑन्टॅरिओ

हा धागा मुलाला वाचायला दिला. त्याच्या फळीतला सेंटर राइट शॉटच आहे, आणि डावीकडचे फेसऑफ घेण्याची कल्पना त्याला स्वतःलाच सुचायला हवी होती असे तो म्हणाला. मंगळवारच्या सरावानंतर तो प्रशिक्षकांशी स्वतः बोलणार आहे. पक फिरवून द्यायला संघातील एक डिफेन्समन तयार झाला आहे. दुसऱ्या संघाचा विषय आम्ही तूर्त बाजूला ठेवला आहे.