गिरणी कामगारांवरची मालिका : पात्रं एकमेकांत गुंतवायची कशी?

पटकथा_परळ : काळ १९८१-८२, जागा लालबाग, एकाच गिरणीतली सहा पात्रं. त्यांच्या गाठीभेटी योगायोगाने घडवायच्या नाहीत. रोजच्या कामातूनच ती एकमेकांवर अवलंबून हवीत. सुरुवात कुठून करावी? विणाई खात्याच्या प्रसंगांत हमखास काय चुकतं?

तिसरी_पाळी : पाळ्यांपासून. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. दहा बाय बाराची खोली, त्यात एकाच गावचे गडी पाळीप्रमाणे झोपणार. एक उठला की त्याच जागेवर दुसरा आडवा. मग बदलीवाला घ्या. तो पाळीच्या वेळी गेटवर उभा, कायम कामगाराने खाडा केला तरच त्याला काम. एकाचा ताप म्हणजे दुसऱ्याची हजेरी, आणि दोघं झोपतात एकाच खोलीत! या एका गाठीवर चार भाग सहज उभे राहतील. खाणावळवाली मात्र विसरू नका. तिचे पैसे पगार झाल्यावर, त्यामुळे कोणाचे किती खाडे झाले हे तिला घरच्यांआधी कळतं.

आडवा_धागा : मागांच्या धडधडाटात संवाद ऐकू येत नाहीत. ओठ वाचून, हातवारे करून बोलतात. लांब संवाद पाण्याच्या नळापाशी किंवा कँटीनमध्ये न्या. खिडक्या उघड्या दाखवू नका. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खातं दमट ठेवतात. कापसाचा धुरळा खरा ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये, म्हणजे कापूस मोकळा करून पिंजतात त्या खात्यांत. त्याने होणाऱ्या बिसिनोसिस या फुफ्फुसांच्या आजारात सुरुवातीला छाती भरून येते ती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, तेव्हा खोकला त्या दिवशीच्या प्रसंगात ठेवा.

आणखी एक, फार मोलाचं. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा तुकडा. त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालून धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घेत. उष्ट्याचा विटाळ नको म्हणून दलितांना विणाई खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. तुमच्या एखाद्या म्हाताऱ्या पात्राला तो काळ आठवत असणारच.

गेटसभा : संप १८ जानेवारी १९८२ पासून, सुमारे अडीच लाख कामगार. पेच नीट मांडा : १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त युनियनकडे, आणि कामगार मात्र संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या मागे. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे शेवटची जाहीर घोषणा लिहू नका. एकेक जण कामावर परततो, खोलीत अबोला धरला जातो, काही गावी जातात. खाणावळीची उधारी पहिल्याच भागात पेरून ठेवा, संपात तीच बाई सगळ्यात आधी अडचणीत येईल.