शब्दचर्चा : नीतिसूत्रांतला ‘भोळा’

यावल तालुक्यातून

रात्रीच्या प्रार्थनेला घरी आम्ही रोज बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचा एक अध्याय वाचतो. परवा चौदावा होता. पंधराव्या वचनात आहे की भोळा प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवतो, शहाणा नीट पाहून पाऊल टाकतो. तिथे आईनं मला थांबवलं. “भोया म्हणजे वाईट का रे?” (आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो. डोळ्याचा डोया, भोळ्याचा भोया.)

तिला आबा आठवले होते. माझे वडील. खेडा खरेदीला आलेल्या एका व्यापाऱ्यानं आमचा कापूस मोजताना काटा मारला. गावातल्या दोघातिघांनी आबांना सांगितलंही. ते म्हणाले, आपल्या ओट्यावर चहा पिऊन गेलेला माणूस असं कसं करेल? गाव त्यांना भोळा म्हणायचं, तेही कौतुकानं. आता शास्त्र भोळ्याला शहाण्याच्या विरुद्ध बाजूला बसवतंय, तर आईला काय सांगू? इथे ‘भोळा’ हा शब्दच चुकलाय का?

धुळ्याहून

तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून फक्त मराठीपुरतं बोलतो. ‘भोळा’ हा आपल्याकडे मायेचा शब्द आहे. शंकर भोळा, भाविक भोळा, लेकरू भोळं. ‘भाबडा’ म्हटलं की त्यात थोडी कीव येते. ‘भोळसट’ म्हटलं की दोष लागतो. त्या वचनातलं वर्णन मात्र आपण सरळ ‘हलक्या कानाचा’ म्हणतो त्या माणसाचं आहे. कुणी काहीही सांगावं आणि यानं खरं मानावं. पण सगळीकडे ‘हलक्या कानाचा’ घालता येणार नाही. बाविसाव्या अध्यायातलं तिसरं वचन पाहा. चतुर माणूस संकट येताना पाहून आडोशाला जातो, भोळे तसेच पुढे जातात आणि नुकसान सोसतात. तिथे कानाचा नाही, डोळ्यांचा प्रश्न आहे. हेच वचन सत्ताविसाव्या अध्यायात पुन्हा येतं.

नवापूरहून

मी पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू आहे. आमच्या मंडळीत बरेच जण घरी मावची ही आदिवासी बोली बोलतात, त्यामुळे मराठी शास्त्रातला शब्द समजावून सांगणं हे माझं दर रविवारचं काम आहे.

मूळ हिब्रू शब्द ‘पेती’. त्याच्या धातूला उघडं असणं आणि भुलणं असे दोन्ही अर्थ जोडतात. कडी न लावलेलं दार डोळ्यांपुढे आणा, कुणीही आत येऊ शकतं. सातव्या अध्यायात संध्याकाळच्या अंधारात गल्लीच्या कोपऱ्याशी फिरणारा तरुण असाच आहे. त्यानं अजून काही केलेलं नाही, पण त्याला कुठेही नेता येतं.

नीतिसूत्रांत मूर्ख वेगळा आणि निंदक वेगळा. ‘केसील’ म्हणजे मूर्ख, त्याला शिकायचंच नसतं. ‘लेत्स’ म्हणजे निंदक, तो शिकवणाऱ्यालाच हसतो. पेतीचं अजून काहीच ठरलेलं नाही. नववा अध्याय मला म्हणूनच फार आवडतो. ज्ञान बाईच्या रूपात हाक मारतं, “जो कोणी भोळा असेल त्यानं इकडे वळावं,” आणि थोडं पुढे मूर्खपणाची बाई अगदी त्याच शब्दांत हाक मारते. दोघींनाही तोच माणूस हवा आहे.

आता गंमत नाही, गंभीरपणे सांगतो. पहिल्या अध्यायाचं चौथं वचन म्हणतं की हे पुस्तक भोळ्यांना चातुर्य देण्यासाठी आहे. ते चातुर्य म्हणजे ‘ओर्मा’. त्याच धातूतला ‘आरूम’ हा शब्द बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात सर्पासाठी आला आहे. तिथे मराठीत ‘धूर्त’ म्हणतात, इथे ‘चतुर’. शब्द तोच, तो कोण वापरतो यावर सगळं. प्रभू येशूनं शिष्यांना सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे निष्पाप व्हा असं सांगितलं, ते मला याच्याजवळचं वाटतं.

आणखी एक. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात या चौदाव्या अध्यायातल्या भोळ्याला ‘अकाकोस’ म्हटलंय, म्हणजे ज्याच्यात वाईट नाही असा. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात हाच शब्द खुद्द ख्रिस्तासाठी आहे. आणि जुन्या करारातल्या ईयोब या भक्ताला सात्त्विक म्हटलंय तिथे हिब्रूत ‘ताम’ आहे, म्हणजे आतबाहेर एक, अखंड. तुमच्या वडिलांत पेती किती आणि ताम किती, हे आईलाच विचारा. स्तोत्र ११६ त्यांना वाचून दाखवा, परमेश्वर भोळ्यांचं रक्षण करतो असं त्यात आहे. तिथेही शब्द पेतीच.

यावल तालुक्यातून

काल आईला दोन्ही वाचून दाखवलं, स्तोत्र आणि चौथं वचन. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं मला कधीच माहीत नसलेली गोष्ट सांगितली. पुढच्या वर्षी तोच व्यापारी दारात आला. आबांनी चहा दिला. आतून पाच किलोचं लोखंडी माप आणलं, आधी ते काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि मग कापसाचं पहिलं गाठोडं पुढे केलं. एक शब्द बोलले नाहीत. तो माणूसही काही बोलला नाही.

ते माप अजून घरात आहे. आई कैरीच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवते.